सिलिकॉन कार्बाइड कंपोझिटवर ईबीसी लेप: पृष्ठभागाच्या तयारीपासून वाफेच्या चाचणीपर्यंत

सिलिकॉन कार्बाइडच्या तंतूंनी बळकट केलेल्या सिलिकॉन कार्बाइड कंपोझिटवरचा संरक्षक लेप, म्हणजेच ईबीसी (एन्व्हायर्नमेंटल बॅरियर कोटिंग), चाचणीत उडाला की पहिला संशय पावडरवर जातो. बऱ्याचदा पावडरीत काहीच दोष नसतो. तुकडा नीट न वाळवता फवारणी सुरू झालेली असते, बाँड कोट (लेप धरून ठेवणारा खालचा थर) आणि टॉप कोट (वाफ अडवणारा वरचा थर) यांच्या फवारण्यांमध्ये तुकडा उघडा राहिलेला असतो, किंवा फवारलेला लेप स्फटिकीकरण न करता सरळ चाचणीला लावलेला असतो. या लेखात एकच रचना घेतली आहे: प्लाझ्मा स्प्रेने (अतितप्त वायूच्या झोतात पावडर वितळवून फवारण्याच्या पद्धतीने) दिलेला सिलिकॉनचा बाँड कोट आणि त्यावर यिटर्बियम डायसिलिकेटचा टॉप कोट. पायऱ्यांचा क्रम बदलू नका. आकडे सुरुवातीचे आहेत, ते स्वतःच्या फवारणीच्या गनवर आणि स्वतःच्या पावडरवर जुळवून घ्यावे लागतील.

आधी हे पक्के करा: लेप कशासाठी आहे?

कोरड्या हवेत सिलिकॉन कार्बाइडवर सिलिकाचा (सिलिकॉनच्या ऑक्साइडचा) पातळ थर धरतो आणि तोच त्याला वाचवतो. टर्बाइनच्या ज्वलनवायूत मात्र पाण्याची वाफ असते. १२०० °से च्या वर ही वाफ सिलिकाशी संयोग पावून सिलिकॉन हायड्रॉक्साइडचा वायू बनवते आणि तो प्रवाहाबरोबर निघून जातो. सिलिका पुन्हा बनते, पुन्हा जाते, आणि भाग झिजत राहतो. म्हणून ईबीसीचे पहिले काम आहे वाफ आणि ऑक्सिजन अडवणे. उष्णता अडवणे हा दुय्यम लाभ आहे.

धातूच्या पात्यांवरच्या उष्णतारोधक लेपाची सवय असलेले लोक इथेच घसरतात. त्या लेपात १० ते १५ टक्के सच्छिद्रता आणि उभ्या भेगा मुद्दाम ठेवल्या जातात, कारण त्यामुळे थर ताण सोसतो. ईबीसीत उभी भेग म्हणजे वाफेला थेट वाट. निकेल-क्रोमियमचा बाँड कोट आणि झिर्कोनियाचा थर ही जोडीही इथे चालत नाही. निकेल सिलिकॉन कार्बाइडशी अभिक्रिया करून सिलिसाइडे बनवते. झिर्कोनियाचा प्रसरण गुणांक (तापल्यावर पदार्थ किती फुगतो ते सांगणारा आकडा) दर केल्व्हिनला १० ते ११ × १०⁻⁶ आहे, तर कंपोझिटचा ४.५ ते ५.५ च्या दरम्यान. शिवाय झिर्कोनियातून ऑक्सिजनचे आयन सहज आरपार जातात.

डायसिलिकेटचा गुणांक ४ ते ५ च्या आसपास आहे, म्हणजे कंपोझिटला जवळचा. त्याच कुळातला यिटर्बियम मोनोसिलिकेट वाफेत अधिक टिकतो, म्हणून काही जण तोच जाड थरात फवारतात. पण त्याचा गुणांक ७ ते ८ आहे. १३०० °से वरून खोलीच्या तापमानाला येईपर्यंत साधारण ०.३ टक्के विकृती (ताणामुळे लांबीतला बदल) साचते. स्प्रे केलेल्या थराचा लवचीकता गुणांक १०० गिगापास्कल धरला, तरी हा ३०० मेगापास्कलच्या वरचा ताण झाला. इतका ताण असा सिरॅमिक थर सोसत नाही, त्याला उभ्या भेगा पडतात. हे गणित पुढे चौथ्या टप्प्यात पुन्हा लागेल.

टप्पा १: तुकडा आणि त्याच्या कडा

१. लेप देण्याआधी सगळे कापकाम, भोके आणि घासकाम पूर्ण करा. लेपानंतर हिऱ्याच्या चकतीने कापलेली कड उघडी राहते, आणि ऑक्सिजन तिथूनच आत शिरतो.

२. प्रत्येक बाहेरची कड किमान १ मिमी त्रिज्येने गोल करा. तीक्ष्ण कडेवर थराचा ताण एकवटतो आणि लेप सुटायची सुरुवात जवळजवळ नेहमी तिथून होते.

३. कापलेल्या बाजूंवर तंतूंची टोके उघडी आहेत का, ते २० पट भिंगाखाली पाहा. तंतूंभोवती बोरॉन नायट्राइडचे आवरण असेल, तर त्याच्या ऑक्सिडीकरणातून बोरॉन ऑक्साइड बनतो. तो ४५० °से लाच वितळतो आणि सिलिकाला पातळ काच करून टाकतो. अशा बाजूंवरही लेप हवाच. फिक्स्चरची (तुकडा धरणाऱ्या चौकटीची) रचना करतानाच त्याचा विचार करा.

४. तुकड्यावर क्रमांक द्या, लेप नसलेल्या मागच्या बाजूवर, कोरून. मार्करची शाई नको.

थांबा आणि तपासा: वितळलेले सिलिकॉन जिरवून केलेल्या कंपोझिटमध्ये मोकळे सिलिकॉन उरलेले असते. ते आणि तुमचा बाँड कोट, दोन्ही १४१४ °से ला वितळतात. पुढच्या कोणत्याही टप्प्यात १३५० °से ची मर्यादा ओलांडायची नाही, हे भट्टीच्या कंट्रोलरमध्ये आत्ताच घालून ठेवा.

टप्पा २: खडबडीत करणे आणि स्वच्छता

सर्वाधिक बिघाड या टप्प्यात होतो, आणि तो दिसतो मात्र शेकडो तासांनी.

१. ग्रिट ब्लास्टिंग (कठीण कणांचा मारा) हलक्या हाताने करा. ६० ते १२० मेशचा ग्रिट, २ बारच्या आसपास दाब, अंतर १५० मिमी, आणि गन सतत हलती. सिलिकॉन कार्बाइड ॲल्युमिनापेक्षा कठीण आहे. त्यामुळे ॲल्युमिनाचा ग्रिट कठीण भागाला फारसा ओरखडा काढत नाही, मऊ सिलिकॉन आणि कमकुवत मॅट्रिक्स (तंतूंच्या मधला भराव) तेवढे उकरतो. दाब वाढवून हा प्रश्न सुटत नाही. उलट तंतू उघडे पडतात. शक्य असेल तर सिलिकॉन कार्बाइडचाच ग्रिट वापरा. लेसरने पृष्ठभाग खवलेदार करण्याची सोय असेल, तर ती या पदार्थाला जास्त मानवते.

२. सरासरी खडबडीतपणा ३ ते ५ मायक्रॉन पुरेसा आहे. विणकामाचे उंचवटे वेगळे मोजा. ते खडबडीतपणात धरले, तर आकडा फुगलेला येतो आणि गुळगुळीत पृष्ठभाग खडबडीत समजला जातो.

३. ब्लास्टिंगनंतर कोरड्या, तेलविरहित हवेने झोत मारा. मग अल्ट्रासॉनिक टाकीत ॲसिटोनमध्ये १० मिनिटे, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये १० मिनिटे आणि शेवटी डीआयोनाइज्ड पाण्यात १० मिनिटे ठेवा. प्रत्येक वेळी द्रव नवा घ्या.

४. १२० °से ला किमान ४ तास वाळवा. वजन करा, आणखी एक तास वाळवा, पुन्हा वजन करा. दोन्ही वजने सारखी येईपर्यंत फवारणीला हात लावू नका. कंपोझिटच्या छिद्रांत ओल राहिली, तर गरम झोताखाली ती वाफ होऊन पहिला थर आतून उचलते.

५. इथून पुढे तुकडा फक्त पावडर नसलेल्या नायट्राइल हातमोज्यांनी, कडेला धरून उचला.

इशारा: साबण, डिटर्जंट आणि नळाचे पाणी वर्ज्य. त्यातले सोडियम आणि पोटॅशियम सिलिकात शिरले की सिलिका मऊ पडते आणि तिच्यातून ऑक्सिजन वेगाने झिरपतो. बोटाच्या ठशातही सोडियम असतेच. लेप उडालेल्या जागेचा आकार अंगठ्याच्या ठशाशी जुळला, तर कारण दुसरीकडे शोधू नका.

टप्पा ३: सिलिकॉनचा बाँड कोट

लक्ष्य: ७५ ते १२५ मायक्रॉन जाडी, घट्ट थर, ऑक्साइडचे पट्टे कमीत कमी.

१. सिलिकॉन पावडर १०० ते १२० °से ला दोन तास वाळवून गरम असतानाच हॉपरमध्ये भरा. ओलसर पावडर झटके देत वाहते, आणि ते झटके थरात जाड-पातळ पट्ट्यांच्या रूपाने उतरतात.

२. प्लाझ्मासाठी आर्गॉन मुख्य वायू आणि हायड्रोजन थोडा ठेवा. सिलिकॉन वितळवायला उष्णता बरीच लागते, कारण त्याची वितळण्याची सुप्त उष्णता मोठी आहे. पण शक्ती फार वाढवली, तर कण उडता-उडताच हवेत ऑक्सिडाइज होतात.

३. कॅरिअर वायू (पावडर झोतात वाहून नेणारा वायू) वेगळा जुळवा. सिलिकॉनची घनता २.३३ ग्रॅम प्रति घन सेमी, डायसिलिकेटची ६.१ च्या आसपास. हलका कण झोताच्या मधोमध पोहोचायला जास्त वायू लागतो. टॉप कोटची सेटिंग तशीच ठेवून सिलिकॉन फवारणे ही नेहमीची चूक आहे. असे झाले की कण झोताच्या कडेने निघून जातात आणि अर्धवट वितळलेले चिकटतात.

४. आधी चकचकीत पट्टीवरून गन एकदाच वेगाने फिरवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. चपटी, गोलसर, कडा न फाटलेली चकती दिसली तर सेटिंग बरोबर. शिंतोडे उडालेले दिसले तर कण अति गरम किंवा अति वेगवान आहेत. मधे गोळा राहिला असेल तर ते वितळलेलेच नाहीत.

५. तुकडा आधी गरम करा. वितळलेले सिलिकॉन सिलिकॉन कार्बाइडला चांगले भिजवते, पण थंड पृष्ठभागावर त्याला तेवढी सवडच मिळत नाही. भट्टीच्या पेटीत ठेवून फवारण्याची सोय असेल, तर आर्गॉनमध्ये थोडा हायड्रोजन मिसळलेले वातावरण राखा. उघड्या हवेत इतके तापवले, तर थर पडायच्या आधीच पृष्ठभागावर सिलिका बनते.

६. अंतर १०० ते १५० मिमी, कोन ९० अंश. वक्र भागावर कोन ६० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. एका फेरीत १० ते २५ मायक्रॉन, त्यापेक्षा जाड थर देऊ नका.

सुरक्षितता: बारीक सिलिकॉनची धूळ स्फोटक असते. धूळ गोळा करणारी यंत्रणा त्यासाठी योग्य असलेलीच वापरा. सगळे भाग अर्थिंग केलेले हवेत, आणि झाडू किंवा दाबाच्या हवेने धूळ उडवायची नाही. गनजवळ काम करताना अतिनील किरणांपासून रक्षण करणारा चष्मा, कानांचे संरक्षण आणि श्वसनयंत्र हवेच.

जाडीची पडताळणी वजनाने: २५ × २५ मिमी तुकड्याची एकच बाजू लेपायची असेल, तर १०० मायक्रॉन सिलिकॉनचे वजन ५ टक्के सच्छिद्रता धरून ०.१४ ग्रॅमच्या जवळ येते. कडा झाकून मोजा, नाहीतर बाजूला उडालेली पावडर हिशेबात शिरते.

टप्पा ४: डायसिलिकेटचा टॉप कोट

बाँड कोट संपल्यावर टॉप कोट लगेच सुरू करा. तुकडा काढून दुसऱ्या दिवशी फवारायचाच असेल, तर तो कोरड्या, बंद पेटीत ठेवा. बाँड कोटवर पुन्हा ब्लास्टिंग मात्र करू नका, कारण ठिसूळ सिलिकॉनमध्ये आडव्या भेगा पडतात.

या टप्प्याची खरी अडचण रसायनात आहे. प्लाझ्मात डायसिलिकेटचे कण तापले की त्यांतली सिलिका सिलिकॉन मोनॉक्साइडच्या वायूरूपात उडून जाते. मागे उरलेल्या कणाचे डायसिलिकेट आणि मोनोसिलिकेट असे मिश्रण होते. मोनोसिलिकेटचे पट्टे थरभर पसरले, की वर सांगितलेले प्रसरणाचे गणित लागू होते आणि थंड होताना भेगा पडतात. म्हणजे बरणीवर डायसिलिकेट लिहिले आहे, एवढ्यावरून थर डायसिलिकेटचा झाला असे समजायचे नाही.

सिलिका किती जाते, हे तीन गोष्टी ठरवतात.

कणाचा आकार: बारीक कणांचे पृष्ठफळ आकारमानाच्या मानाने मोठे, म्हणून त्यांचे नुकसान सर्वाधिक. पावडर २० ते ६० मायक्रॉनच्या पट्ट्यात ठेवा आणि बारीक चुरा चाळून काढा.

शक्ती: हायड्रोजन आणि विद्युतप्रवाह वाढवला की थर घट्ट होतो, पण सिलिका जाते. कमी केला की सिलिका राहते, पण न वितळलेले कण आणि छिद्रे वाढतात. मधला बिंदू सैद्धांतिक गणिताने सापडत नाही. बाकी सगळे स्थिर ठेवून शक्तीच्या किमान तीन पातळ्यांवर चाचणी तुकडे फवारा आणि त्यांची एक्स-रे डिफ्रॅक्शनने (स्फटिकरचना ओळखणाऱ्या चाचणीने) व सूक्ष्मदर्शकाखाली तुलना करा.

अंतर: जितका उडण्याचा वेळ जास्त, तितके नुकसान जास्त. १०० मिमी ते १२० मिमीपासून सुरुवात करा.

एवढे करूनही मोनोसिलिकेट जास्त दिसले, तर सिलिका थोडी जास्त असलेली पावडर मागवा. सिलिकाची भुकटी स्वतः मिसळायला जाऊ नका. दोन्ही पावडरी झोतात वेगळ्या वाटांनी जातात आणि थरात सिलिकाची बेटे उरतात.

फवारणीच्या वेळी तुकडा गरम ठेवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, भट्टीत १००० °से च्या वर ठेवून फवारणे. थर बऱ्याच अंशी स्फटिकरूपातच बसतो. दुसरा, गनच्याच झोताने काहीशे अंशांपर्यंत तापवून फवारणे. यात थर जवळजवळ संपूर्ण काचरूप बसतो आणि स्फटिकीकरण नंतर करावे लागते. पहिल्या मार्गाची यंत्रणा अवघड आहे, पण गुंतागुंतीच्या आकाराच्या भागांसाठी आम्ही तोच सुचवू. दुसऱ्या मार्गाने चांगला लेप मिळतो, फक्त पुढचा टप्पा अक्षरशः पाळावा लागतो.

जाडी १५० ते २५० मायक्रॉन ठेवा. वरच्याच तुकड्यावर २०० मायक्रॉनचे वजन ५ टक्के सच्छिद्रतेसह ०.७३ ग्रॅमच्या आसपास येईल. जाड थर म्हणजे जास्त सुरक्षित थर, हा समज चुकीचा आहे. जाडीबरोबर साठलेली ताण-ऊर्जा वाढते आणि थर कडेपासून उचलला जातो.

थांबा आणि तपासा: फवारणी संपली की झोत एकदम बंद करून तुकड्यावर थंड हवा मारू नका. तुकडा सावकाश निवू द्या. आणि तो तसाच कपाटात ठेवून देऊ नका, स्फटिकीकरणाची वेळ आधीच ठरवून ठेवा.

टप्पा ५: स्फटिकीकरणाची उष्णताप्रक्रिया

काचरूप थर १००० °से च्या आसपास स्फटिक होऊ लागतो आणि त्याचे आकारमान बदलते. हा बदल भरधाव तापणाऱ्या चाचणी-भट्टीत झाला, तर थर फाटतो. नियंत्रित भट्टीत सावकाश झाला, तर निभावतो.

१. खोलीच्या तापमानापासून ९०० °से पर्यंत मिनिटाला ५ °से.

२. ९०० ते ११०० °से दरम्यान मिनिटाला २ ते ३ °से. घाई करायची नाही ती इथेच.

३. १३०० °से वर १० ते २० तास. भट्टी ठरवलेल्या तापमानाच्या पुढे किती उसळते, ते रिकामी चालवून आधी पाहा.

४. उतरतानाही मिनिटाला ५ °से, आणि ३०० ते २०० °से च्या टापूत त्याहून हळू. बाँड कोटवर बनलेली सिलिका क्रिस्टोबलाइट (तिच्या एका स्फटिकरूपाचे नाव) रूपात असेल, तर २२० ते २७० °से दरम्यान तिची रचना पालटते आणि आकारमान ५ टक्क्यांच्या आसपास घटते.

प्रक्रिया हवेत केल्यास बाँड कोटवर सुमारे एक मायक्रॉनचा ऑक्साइड थर येतो, तो चालतो. भट्टीच्या साहित्याकडे मात्र लक्ष द्या. कमी शुद्धतेच्या ॲल्युमिनाच्या नळ्या तापल्यावर सोडियम सोडतात आणि सिलिकॉन कार्बाइडचे ऑक्सिडीकरण वाढवतात. तुकडा घट्ट सिलिकॉन कार्बाइडच्या आधारावर किंवा अतिशुद्ध ॲल्युमिनावर डायसिलिकेटची पावडर पसरून ठेवा.

इशारा: प्लॅटिनमचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) उघड्या सिलिकॉनला किंवा सिलिकॉन कार्बाइडला टेकवू नका. प्लॅटिनम आणि सिलिकॉन मिळून १००० °से च्या खालीच वितळतात. थर्मोकपल जातो आणि तुकडाही जातो.

टप्पा ६: तपासणी

प्रत्येक फवारणीबरोबर एक साक्षी-तुकडा ठेवा आणि तो कापा.

कापण्याआधी व्हॅक्यूममध्ये इपॉक्सी जिरवा. हिऱ्याची चकती लेपाच्या बाजूने आत जाईल अशी धरा, म्हणजे कापताना लेप कंपोझिटवर दाबला जातो. उलट कापल्यास लेप ओढला जाऊन सुटतो आणि चांगल्या लेपावर ठपका बसतो. १ मायक्रॉन हिऱ्याच्या पेस्टपर्यंत पॉलिश करा. पॉलिशमध्ये निखळलेले कण छिद्रांसारखे दिसतात. तीच जागा आणखी पॉलिश करून पाहा. छिद्रे कमी झाली, तर ती लेपातली नव्हती.

सच्छिद्रता ५ टक्क्यांच्या खाली हवी. त्याहून महत्त्वाचे, छिद्रे एकमेकांना जोडलेली नकोत. ६ टक्के सुटी छिद्रे असलेला थर ३ टक्के जोडलेल्या छिद्रांच्या थरापेक्षा आम्ही केव्हाही पसंत करू. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या बॅकस्कॅटर चित्रात मोनोसिलिकेट उजळ पट्ट्यांत दिसते. एक्स-रे डिफ्रॅक्शनमध्ये रुंद कुबड उरले असेल, तर स्फटिकीकरण अपुरे आहे.

चिकटपणासाठी एएसटीएम सी६३३ ही ओढचाचणी अनेक जण लावतात. ती ०.३८ मिमीपेक्षा जाड लेपांसाठी आहे. त्याहून पातळ लेपात गोंद छिद्रांतून खाली कंपोझिटपर्यंत पोहोचतो आणि आकडा गोंदाचा येतो. आपले दोन्ही थर मिळून अनेकदा त्या मर्यादेच्या आसपास किंवा खालीच असतात, म्हणून केवळ या आकड्यावर लेप पास करू नका.

टप्पा ७: वाफेची चक्रचाचणी आणि तुटलेल्या जागेचे वाचन

प्रचलित चाचणीत ९० टक्के वाफ आणि १० टक्के ऑक्सिजन, १३१६ °से तापमान आणि एक तासाची गरम चक्रे असतात. प्रत्येक चक्रानंतर तुकडा भट्टीबाहेर निवतो. ठरावीक चक्रांनी एक तुकडा कापून बाँड कोटवरचा ऑक्साइड थर मोजा. सिलिकॉनचे सिलिका होताना आकारमान दुपटीहून वाढते, आणि वर सांगितलेला क्रिस्टोबलाइटचा पालट प्रत्येक चक्रात त्या थराला तडे देतो. थर २० ते ३० मायक्रॉनपर्यंत पोहोचला की लेप सुटण्याची वेळ जवळ आली असे धरा.

या चाचणीत वायूचा वेग फार कमी असतो. वरच्या पृष्ठभागाची झीज ती नीट दाखवत नाही. धूळ आणि राख यांचा हल्ला तर अजिबात दाखवत नाही. हवेतल्या धुळीचे कॅल्शियम-मॅग्नेशियम-ॲल्युमिनियम सिलिकेट १२०० ते १२५० °से ला वितळून डायसिलिकेटच्या कणसीमांत शिरते. इंजिनात भाग त्या तापमानाला जाणार असेल, तर त्याची वेगळी चाचणी लावा.

लेप सुटला, तर कुठून सुटला ते आधी पाहा, पावडरचा विचार नंतर.

कंपोझिट आणि सिलिकॉन यांच्यामध्ये सुटला असेल, तर टप्पा २ तपासा: ओल, ठसे, अति ब्लास्टिंग; किंवा टप्पा ३ मधली गार तुकड्यावर फवारणी.

सिलिकॉन आणि टॉप कोट यांच्यामध्ये जाड ऑक्साइड थर दिसत असेल, तर टॉप कोटमधून वाफेला वाट मिळाली आहे. ऑक्साइड सगळीकडे सारखा जाड असेल तर छिद्रे जोडलेली आहेत. ठरावीक अंतराने फुगवटे असतील तर उभ्या भेगा आहेत, आणि शोध टप्पा ४ च्या मोनोसिलिकेटकडे किंवा टप्पा ५ च्या वेगाकडे न्या. ऑक्साइड पातळ असूनही तिथेच सुटला असेल, तर दोन फवारण्यांच्या मधला वेळ आणि त्या वेळेतली साठवण पाहा.

टॉप कोटच्या आतच आडवा फुटला असेल, तर फेऱ्या फार जाड होत्या, किंवा फवारणी मधेच थांबवून पुन्हा सुरू केली होती.

फक्त कडेला सुटला आणि मधे शाबूत राहिला असेल, तर टप्पा १ ची त्रिज्या मोजा.

सदोष लेप खरवडून त्याच तुकड्यावर नवा देण्याचा मोह टाळा. सिलिकॉन विरघळवणारी रसायने कंपोझिटमधले मोकळे सिलिकॉनही खातात, आणि यंत्राने घासताना तंतू कापले जातात. तो तुकडा छेद घेऊन तपासणीसाठी वापरा आणि नवा तुकडा टप्पा १ पासून सुरू करा.